एंडोक्राइनची फाईल टाइप करताना या चुका टाळा

तीन महिन्यांचा कोर्स करून मुलं आमच्याकडे मेडिकल रेकॉर्डला येतात, स्पीड मस्त असतो, पण एंडोक्राइनची, म्हणजे हार्मोनच्या आजारांची, फाईल आली की दरवेळी तेच घोळ.

सगळ्यात वाईट म्हणजे डायबेटिस. शब्द ऐकला की बोटं आपोआप पुढे मेलिटस (म्हणजे साखरेचा नेहमीचा डायबेटिस) टाइप करतात. अरे, डायबेटिस इन्सिपिडस वेगळा आजार आहे, त्यात साखरेचा संबंधच नाही! शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन कमी पडतं किंवा किडनी त्याला दाद देत नाही, मग लघवी आवरत नाही आणि तहान भागत नाही. पूर्वी मी पुण्यातच एका हॉस्पिटलला होते, तिथे पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालेली एक मुलगी दुसऱ्या वॉर्डात हलवली. डॉक्टरांनी नोटमध्ये 'डीआय' (डायबेटिस इन्सिपिडस) लिहिलेलं, नव्या मुलाने घाईत 'डीएम' (डायबेटिस मेलिटस) केलं आणि माझ्याही नजरेतून ते सुटलं. झालं, पोरीला बिनसाखरेचा चहा, दर सहा तासांनी बोट टोचून शुगर, आणि व्हॅसोप्रेसिनच्या जागी देतात ती डेस्मोप्रेसिनची गोळी राहूनच गेली. आई बिचारी सारखी बाटली भरून आणतेय. रात्रीच्या डॉक्टरांनी लघवीचा चार्ट बघून रक्तातलं सोडियम तपासायला पाठवलं, ते १५२ आलं (नॉर्मल १३५ ते १४५), तेव्हा उलगडा झाला. मुलगी बरी होऊन घरी गेली, पण ती बाटली अजून माझ्या डोळ्यासमोर येते. असल्या गोंधळामुळेच २०२२ मध्ये या आजाराला आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी आणि रेझिस्टन्स अशी नवी नावं सुचवली गेली, पण फाईलींवर जुनंच नाव येत राहतं, तेव्हा दोन्ही माहीत हवीत. मी शॉर्टफॉर्म ठेवतच नाही, पूर्ण नाव लिहिते.

दुसरं, हायपो (ग्रंथीचं काम कमी) आणि हायपर (काम जास्त). डिक्टेशनमध्ये दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि रिवाइंड करायचा कंटाळा! मी सरळ औषधांची यादी बघते, थायरॉक्सिन चालू असेल तर बहुतेक हायपो, कार्बिमाझोल असेल तर हायपर, जुळलं नाही तर डॉक्टरांना फोन. आणि 'टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) वाढलंय म्हणजे हायपर' हे डोक्यातून काढाच, थायरॉईड सुस्तावली की पिट्युटरी तिला जास्त टीएसएच पाठवते, म्हणून वाढलेलं टीएसएच बहुतेकदा हायपोचं असतं.

हायपोपॅराथायरॉईडमधला 'पॅरा' खाऊ नका, तो थायरॉईडला चिकटलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचा, कॅल्शियमचा मामला आहे, थायरॉईडच्या ऑपरेशननंतर बोटांना मुंग्या येतात ते त्यातलंच.

कुशिंग सिंड्रोम म्हणजे कॉर्टिसोल (शरीरातलं स्टिरॉइड हार्मोन) जास्त, कारण काहीही असो, अगदी स्टिरॉइडच्या गोळ्यासुद्धा. कुशिंग डिसीज फक्त पिट्युटरीच्या गाठीमुळे. डॉक्टरांनी सिंड्रोम म्हटलं तर सिंड्रोमच लिहा, मनाने डिसीज करू नका.

गॉयटर म्हणजे थायरॉईडची सूज, हार्मोन नॉर्मल असतानाही असते.

आणि ते ऑटोटेक्स्ट पहिले सहा महिने बंद ठेवा. दोन अक्षरं दाबली की अख्खं निदान उमटतं, आणि तेच न वाचता पुढे जातं.