पिशवीची मागची बाजू: बेताच्या खर्चात कुत्र्याचे खाद्य कसे निवडावे

कुत्र्याचे खाद्य घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतात: पिशवीवरचे चित्र आणि किलोचा भाव. चित्रात कोंबडीची तंगडी, गाजराचे तुकडे आणि चकचकीत अंगाचा लॅब्राडोर असतो. निवडीसाठी त्याचा काहीही उपयोग नाही. किलोचा भाव उपयोगी वाटतो, पण तोही बऱ्याच वेळा फसवतो, कारण कुत्रा किलोच्या हिशेबाने खात नाही, उष्मांकांच्या हिशेबाने खातो. म्हणून पैसे जपून चांगले खाद्य घ्यायचे असेल, तर पिशवी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचावा आणि खर्च किलोमागे न मोजता दिवसामागे मोजावा.

आमच्या घरी भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे. त्याचे वजन १५ किलो असून नसबंदी झालेली आहे. पुढचे हिशेब त्याच्यावरच मांडले आहेत. आपल्या कुत्र्याचे वजन घालून ते कोणालाही करता येतील.

दिवसाचा खर्च कसा काढावा

कुत्र्याच्या वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवले, की त्याला नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा किलोकॅलरीत मिळते. भुऱ्यासाठी ती ५२० येते. नसबंदी झालेल्या, घरातल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणावे, म्हणजे दिवसाची गरज सुमारे ८३० किलोकॅलरी होते. नसबंदी झालेली नसेल तर १.८ ने गुणावे. हा अंदाज आहे, शेवटचा शब्द नव्हे. दोन ते पंचेचाळीस किलो वजनाच्या कुत्र्यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो.

आता समजा, दुकानात दोन पिशव्या आहेत. पहिलीचा भाव किलोला २२० रुपये असून तीत किलोला ३,३०० किलोकॅलरी आहेत. दुसरीचा भाव ३४० रुपये आणि किलोकॅलरी ३,९००. किलोच्या भावाने दुसरी पिशवी पहिलीच्या दीडपटीहून महाग दिसते. पण भुऱ्याला पहिलीतले सुमारे २५० ग्रॅम लागतील, म्हणजे दिवसाला ५५ रुपये. दुसरीतले साधारण २१३ ग्रॅम, म्हणजे ७२ रुपये. महाग पिशवी महागच राहिली, हे खरे. मात्र फरक दीडपटीचा न राहता तिसऱ्या हिश्श्याच्या आत आला. महिन्याला पाचशे रुपये जास्त पडतात. ते परवडतात का आणि त्यातून काही अधिक मिळते का, हे आता मोकळ्या मनाने ठरवता येते.

पिशवीवर किलोकॅलरी छापलेली नसेल तर घरी काढता येते. प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे टक्के पिशवीवर असतातच. राखेचा, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा, आकडा नसेल तर तो ८ धरावा. या सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा केली की पिष्टमय पदार्थांचे टक्के हाती येतात. प्रथिने २२, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १० आणि राख ८ असेल, तर पिष्ट ४५. मग प्रथिने आणि पिष्ट यांना प्रत्येकी ३.५ ने आणि स्निग्धांशाला ८.५ ने गुणून बेरीज करावी. येथे ती ३२० च्या आसपास येते, म्हणजे १०० ग्रॅमला ३२० किलोकॅलरी. दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर दोन मिनिटांत हे होते.

मागच्या बाजूचा मजकूर

सर्वांत आधी ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा ‘कम्प्लीट फूड’ हे शब्द शोधावेत, आणि ते कोणत्या वयासाठी लिहिले आहेत ते पाहावे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिलेले खाद्य रोजच्या जेवणासाठी बनवलेले नसते, मग ते कितीही महाग असो. पोषणाची जी किमान पातळी जगभर आधाराला धरली जाते, ती अमेरिकेच्या आफको या संस्थेची आहे: ओलावा वगळून उरलेल्या कोरड्या भागात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के स्निग्धांश, तर पिल्लांसाठी २२.५ आणि ८.५ टक्के. युरोपात असेच काम फेडियाफ ही पाळीव प्राण्यांच्या खाद्य-उत्पादकांची संघटना करते.

‘ओलावा वगळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रस्सेदार पाऊचवर ८ टक्के प्रथिने लिहिलेली पाहून ते निकृष्ट वाटेल, पण त्यात ८० टक्के पाणी असते. उरलेल्या २० भागांतले ८ म्हणजे ४० टक्के. म्हणून ते खाद्य वाईट नाही, फक्त आपण पाण्याचे पैसे मोजतो. भुऱ्याचे दिवसाचे पोट अशा ८० ग्रॅमच्या पाऊचवर भरायचे तर दहा-बारा पाऊच लागतील. बेताच्या खर्चात पाऊचला जागा आहे ती आजारपणात तोंडाला चव यावी म्हणून, किंवा औषधाची गोळी लपवण्यापुरती.

प्रथिनांच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पिशवीवर ‘क्रूड प्रोटीन’ असे लिहिलेले असते. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत. खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. नायट्रोजन कोंबडीच्या छातीत असतो, तसाच तो पिसांत आणि चामड्यातही असतो, आणि तेही या आकड्यात भर घालतात. २००७ साली अमेरिकेत याच पळवाटेने मोठा अनर्थ घडला. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले होते. ते प्लास्टिक-उद्योगातले, नायट्रोजनने भरलेले रसायन असल्यामुळे तपासणीत प्रथिने भरपूर दिसली, आणि ते खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. शंभराहून जास्त नावांखालची खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली, आणि त्यांत महाग नावेही होती. म्हणून नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये. ती प्रथिने कशातून आली हे घटकांच्या यादीत पाहावे.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि ते वजन शिजवण्याआधीचे असते. ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणी असल्यामुळे ‘चिकन’ पहिल्या क्रमांकावर दिसले तरी वाळल्यावर तिचा वाटा बराच खाली येतो. याउलट ‘चिकन मील’ म्हणजे आधीच पाणी व चरबी काढलेली भुकटी. नाव रुक्ष असले तरी त्यात प्रथिने दाट असतात, आणि स्वस्त खाद्यात ती पहिल्या दोन-तीन घटकांत असेल तर ते चांगले लक्षण समजावे. प्राण्याचे नाव दिलेले असावे, ही माझी मुख्य अट असते. ‘चिकन मील’ ठीक. नुसते ‘मीट मील’ संशयास्पद. मका, मक्याचे ग्लूटेन, मक्याचा अंकुर असे एकाच धान्याचे तीन तुकडे करून लिहिले असतील, तर त्यांची मनात बेरीज करावी. बऱ्याच वेळा तीच बेरीज पहिल्या क्रमांकावर जाते.

‘बाय-प्रॉडक्ट’ हा शब्द पाहून मात्र घाबरू नये. त्यात काळीज, पोटा, फुप्फुस असे अवयव येतात, आणि ज्या समाजात वजडी चवीने खाल्ली जाते त्याने या शब्दाला नाक मुरडावे असे काही नाही. धान्याचेही तसेच. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माणसाच्या उकिरड्यापाशी राहता राहता त्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. तांदूळ, ज्वारी, मका शिजवलेले असतील तर निरोगी कुत्र्याला ते पचतात. ‘ग्रेन-फ्री’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. उलट, धान्याऐवजी वाटाणे व मसूर भरलेल्या अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली होती. तो संबंध निश्चितपणे सिद्ध झालेला नसला, तरी जादा पैसे देऊन ती शंका घरी आणण्याचे कारण नाही. एखाद्या जातीचे नाव छापलेल्या प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यात बहुतेक वेळा दाण्याचा आकार आणि जाहिरात एवढाच फरक असतो.

किती मोठी पिशवी घ्यावी

मोठी पिशवी स्वस्त पडते, पण तोंड उघडले की तिच्यातली चरबी हळूहळू खवट होऊ लागते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशीचीही भीती असते. मक्यावरच्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे. उघडलेली पिशवी साधारण सहा आठवड्यांत संपावी, असा नियम धरावा. भुऱ्याच्या २५० ग्रॅमच्या हिशेबाने १० किलोची पिशवी ४० दिवस पुरते, म्हणजे तीच योग्य. २० किलोची घेतली तर ८० दिवस उघडी राहील आणि वाचलेले पैसे वाया जातील. शेजारी कुत्रा असेल तर मोठी पिशवी पहिल्याच दिवशी निम्मी वाटून घेणे सर्वांत फायद्याचे. खाद्य डब्यात ओतू नये. पिशवीसकट पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, म्हणजे बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हाताशी राहते, आणि डब्याच्या तळाशी जुना तेलकट चुरा साचत नाही.

सुटे खाद्य मी एकदाच घेतले. दुकानदाराने उघड्या पोत्यातून मापाने काढून दिले, आणि किलोमागे चाळीस रुपये वाचले म्हणून मी खूश होतो. भुऱ्याने ताटली हुंगली आणि तो दारात जाऊन बसला. नखरे करतो आहे असे समजून मी दोन दिवस तेच पुढे ठेवले. तिसऱ्या दिवशी भुकेपोटी त्याने खाल्ले आणि रात्रभर त्याला जुलाब झाले. नंतर मी चार दाणे हातावर चुरडून नाकाशी धरले, तेव्हा दिवाळीच्या चकल्या होळीपर्यंत डब्यात राहिल्यावर येतो तसा वास आला. हे आधीच करायला हवे होते. पिशवी उघडल्यावर दाणे चुरडून वास घेण्याची सवय तेव्हापासून लागली. मुदत संपत आलेल्या बंद पिशवीवर सूट मिळत असेल, तर ती मुदतीच्या आत संपणार आहे का एवढे पाहून खुशाल घ्यावी.

घरच्या अन्नाची जोड

नुसत्या दूधपोळीवर कुत्री जगतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ती चांगली जगतात असे मात्र म्हणता येत नाही. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तांबे, जस्त, आयोडिन यांची उणीव राहते, आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. त्यापेक्षा साधे पण ‘कम्प्लीट’ खाद्य आणि वर थोडी घरची जोड हा मार्ग बरा. ही जोड दिवसाच्या किलोकॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात बसवावी. भुऱ्यासाठी तो हिस्सा ८३ होतो, म्हणजे जवळजवळ एक उकडलेले अंडे. अंड्याच्या दिवशी खाद्य वीस ग्रॅम कमी करावे, नाहीतर जोड हा जादा खर्चही ठरतो आणि जादा चरबीही. आठवड्यातून एकदा काळजाचा छोटा तुकडा, कधी बिनमिठाचा शिजवलेला भोपळा किंवा मासळीचे काटे काढलेले मांस चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट कधीही देऊ नये. फोडणीची आमटी पोळीवर ओतण्याची आपली पद्धत याच कारणाने सोडावी लागते. कोंबडीची शिजलेली हाडेही नकोत, ती चिरफळून आतड्यात रुततात.

संपूर्ण घरचेच जेवण द्यायचे असेल तर पशुवैद्यकाकडून प्रमाण लिहून घ्यावे, कारण नेमके काय कमी पडते ते वर्षभर दिसत नाही. एकट्या कॅल्शियमचेच उदाहरण घ्या: प्रौढ कुत्र्याला १,००० किलोकॅलरीमागे सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागते आणि मांसात ते जवळजवळ नसते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम असते. कवच उकळून, वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखे दळले तर भुऱ्यासारख्या कुत्र्याला रोज अर्धे पुरेल. पण हेच कवच ‘कम्प्लीट’ खाद्यावर घालू नये, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला तर मुळीच नाही, कारण जादा कॅल्शियमने त्याच्या वाढत्या हाडांत दोष येतात. पिल्लू, गाभण कुत्री आणि मूत्रपिंडाचा रुग्ण या तिघांच्या खाद्यात काटकसर करू नये. इतरांच्या बाबतीतही जंताचे औषध आणि रेबीजची लस आधी, भारी पिशवी नंतर.

मोजून घालणे

खरी बचत येथे आहे. लॅब्राडोर कुत्र्यांच्या ४८ पिल्लांवर झालेल्या एका आजन्म अभ्यासात निम्म्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पाव हिस्सा कमी खाद्य दिले गेले. कमी खाणारी कुत्री सरासरी १३ वर्षे जगली, तर जास्त खाणारी ११.२ वर्षे. पिशवीवरच्या तक्त्यातले प्रमाण अनेकदा सढळ असते, तेव्हा ते सुरुवातीपुरते धरून पुढे कुत्र्याच्या बरगड्या चाचपून ठरवावे. आपला हात सपाट पसरून त्या हाताच्या मागच्या बाजूवर बोट फिरवल्यास जसे लागते तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य आहे. मूठ वळल्यावर उठणाऱ्या हाडांसारख्या लागल्या तर कुत्रा रोड आहे. आणि तळव्यासारखे मऊ लागले तर खाद्य दहा टक्के कमी करावे.

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवे, मग निम्मे, मग पाऊण, असे आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलावे आणि त्यानंतर किमान सहा आठवडे तेच ठेवावे. या काळात शी घट्ट आणि बेताची होते का, अंगावरचे केस मऊ आहेत का, खाज वाढली का, हे पाहावे. खाद्य स्वस्त असूनही शीचा ढीग दुप्पट होत असेल, तर निम्मे पैसे पोटात न राहता बाहेर पडत आहेत, असे समजावे.

खाद्य बदलले की मापही बदलते, हे मला उशिरा कळले. आमच्या स्टीलच्या वाटीत एका खाद्याचे ८० ग्रॅम बसत होते आणि दुसऱ्याचे ९५. म्हणून नवी पिशवी आली की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा तोलून घ्यावे आणि वाटीला आतून मार्करने रेघ मारून ठेवावी, म्हणजे घरातले कोणीही घातले तरी माप तेच राहते.