निर्वासित मुलांवर कुमार-कादंबरी लिहायची असेल तर

कथानक सुचण्याआधी एक रुक्ष काम उरकून घ्या: एका बाजूला सन, दुसऱ्या बाजूला नायिकेचं वय, असा तक्ता करा.

माझी गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीत घडते. फेब्रुवारी १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून हद्दपार केली. १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका, पुढे इराण, आणि १९४३ पासून वळिवडे. घर सुटलं तेव्हा नऊ वर्षांची असलेली मुलगी इथं बारा वर्षांची होऊन उतरते. १९४८ मध्ये छावणी बंद होते तेव्हा ती सतरा वर्षांची. सहावी-सातवीतला वाचक बारा वर्षांच्या मुलीबरोबर चालतो, सतराच्या ताईबरोबर चालेलच असं नाही. म्हणून माझी गोष्ट १९४४ ओलांडत नाही. तोवर तिला वाटतंय, युद्ध संपलं की घरी. तिचं गाव सोव्हिएत संघातच राहणार, हे लेखकाला ठाऊक असलं तरी त्यानं मागून उदास पेटी वाजवू नये.

माहितीसाठी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, आहेच. पण सावानातली पुस्तकं छावणीतल्या पोराचा दिवस कसा जायचा ते क्वचितच सांगतात. त्यासाठी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात जा. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आपल्या देवळालीतही फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. तिथल्या एखाद्या आजोबांना ‘फाळणीबद्दल सांगा’ म्हटलंत, तर शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली हकिकत मिळते. ‘दादा, शाळेच्या डब्यात काय असायचं? कोकी (जाड सिंधी पोळी) बघून पोरं हसायची का? पहिली मराठी शिवी कुणी शिकवली?’ असं विचारा. मग बघा, माणूस कसा खुलतो ते! अर्थात सिंधी आठवण उचलून पोलिश मुलीला चिकटवायची नाही. त्या आठवणीवरून प्रश्न सुचतात, उत्तरं पोलिश कागदपत्रांतच शोधायची.

संवादांत इतिहास कोंबू नका. कुठलंही मूल ‘आई, गेल्या वर्षी स्टॅलिननं करार केला ना?’ असं बोलत नाही.

शेवटी नकाशा द्याच, आजच्या देशांच्या सीमांसकट. पोलिश मुलीचं गाव युक्रेनमध्ये कसं, हे वाचक आपणहून विचारेल. उत्तर नकाशामागच्या पानावर द्या, गोष्टीत नको.