फिल्म लावून बसू नका, थांबवा: पुस्तकासोबत व्हिडिओ वापरायची माझी पद्धत

शाळेत स्मार्ट टीव्ही आला की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो, दृकश्राव्य माध्यमामुळे अध्ययन आनंददायी होतं वगैरे वगैरे. होतं ना आनंददायी! अंधारात पोरं एकमेकांना चिमटे काढतात, तास मजेत जातो, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर "बाई, भारी होतं" यापुढे गाडी जात नाही. मी करते ते खाली लिहितेय. उदाहरणाला सातवीच्या भूगोलातला सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा पाठ घेतलाय, कारण फिल्मची सगळ्यात जास्त गरज याच पाठाला आहे आणि फिल्ममुळे सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

१. आधी पुस्तक. पाठ वर्गात वाचून घ्यायचा आणि आकृती जिथे तोकडी पडते तिथे खूण करायची, फिल्म फक्त तेवढ्यापुरती. जे हलतं, फिरतं, उघडझाप करतं तेच पडद्यावर न्यायचं, म्हणजे चंद्रकला, हृदयाच्या झडपा असलं काही. 'व्याख्या लिहा' आणि 'कारणे द्या' साठी फळा पुरतो.

२. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन करा, नाहीतर यूट्यूबवरचं चांगलं काही शोधा, पण जे काही असेल ते घरूनच डाउनलोड करून न्या.

३. तुकडा चार-पाच मिनिटांचाच.

४. आवाज बंद. हो, पूर्ण बंद. निवेदक एका दमात 'परिभ्रमण', 'परिवलन', 'कक्षा', 'प्रतल' बोलून मोकळा होतो आणि मुलं त्याच्या मागे पळत राहतात. तुम्ही बोला, तुमच्या गावच्या मराठीत.

५. आता खरी गोम. कुठे थांबवायचं?

पूर्वी काही शाळांत फिल्मस्ट्रिपचा प्रोजेक्टर असायचा. ३५ मिमीच्या फिल्मची छोटी गुंडाळी, त्यात ओळीने स्थिर चित्रं. बाईंनी खटका फिरवला की पुढचं चित्र, नाही फिरवला तर तेच चित्र तसंच. सोबत कॅसेट असेल तर तिच्यात 'टुंग' वाजायचं, की खटका फिरवायचा. आज कुणी त्याला हात लावणार नाही, पण चित्र किती वेळ ठेवायचं हे शिकवणाऱ्याच्या हातात होतं, आणि व्हिडिओने नेमकं तेच काढून घेतलं. म्हणून मी व्हिडिओची परत फिल्मस्ट्रिप करते, पाच-सहा स्क्रीनशॉट काढून ओळीने लावते आणि मध्ये गरज असेल तिथेच हलतं चित्र. या टप्प्यावर मी बराच काळ चाचपडत होते, कारण सगळे सांगतात "मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारा", पण नेमकं कुठे ते कुणी सांगत नाही.

माझं उत्तर: जिथे बघणाऱ्याची जागा बदलते तिथे. चंद्रकलांच्या बहुतेक व्हिडिओंत मोठं चित्र अवकाशातून पाहिलेलं असतं, पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र, आणि कोपऱ्यात छोटी चौकट असते, पृथ्वीवरून तो कसा दिसतो त्याची. मोठ्या माणसाला हे आपोआप कळतं. मुलाला नाही कळत. मोठ्या चित्रात चंद्र कायम अर्धा उजळलेला असतो, मग अमावास्येला तो जातो कुठे? पोरं स्वतःच उत्तर बनवतात की पृथ्वीची सावली पडली. झालं, कला आणि ग्रहण यांची खिचडी, आणि ती दहावीपर्यंत निस्तरत बसा.

म्हणून इथे थांबायचं, कोपऱ्यातली चौकट कागद चिकटवून झाकायची, आणि आत काय दिसत असेल ते प्रत्येकाने वहीत पेन्सिलीने काढायचं. सगळ्यांचं काढून झाल्याशिवाय कागद काढू नका, हुशार पोरं ओरडून उत्तर सांगतात त्यांना गप्प करा. मग कागद काढा.

दुसरा थांबा, व्हिडिओतला चंद्र पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवसाच्या जागी आला की. विचारा, संकष्टीला उपास सोडायला रात्री नऊ-साडेनऊ का वाजतात? पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो, नंतर रोज साधारण ५० मिनिटं उशीर. चित्रात पृथ्वीवर जिथे संध्याकाळ आहे तिथे एक माणूस काढा आणि त्याला पृथ्वीसोबत फिरवत न्या, चंद्र दिसेपर्यंत. आज्जीचा उपास आणि पडद्यावरचा गोळा एकच आहेत हे कळलं की वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या.

आणखी एक, परदेशी व्हिडिओत बीजेची कोर ताठ उभी असते, आपल्याकडे ती बऱ्याचदा होडीसारखी आडवी दिसते. मुलं विचारतात, तर उडवून लावू नका, आपण त्या देशांपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आहोत म्हणून तसं दिसतं.

६. अंतर सुधारून घ्या. व्हिडिओत चंद्र पृथ्वीला चिकटलेला असतो, स्क्रीनवर मावायला हवा म्हणून. तेरा सेंटिमीटरचा बॉल म्हणजे पृथ्वी धरली तर चंद्र साडेतीन सेंटिमीटरचं लिंबू, आणि ते धरणारं पोरगं जवळजवळ चार मीटर लांब उभं करायचं. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे हेही इथेच दाखवा, लिंबू थोडं वर, थोडं खाली. एवढ्या लांबून सावली दर महिन्याला नेम धरून पडणार कशी, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

७. पुस्तक परत उघडा, खूण केलेली आकृती काढा, आणि तिच्यात काय कमी आहे ते मुलांनाच भरू द्या. "पाहिलेल्या फिल्मवर दहा ओळी लिहा" हा गृहपाठ कृपा करून देऊ नका, त्यात दहाच्या दहा ओळी "आम्हाला खूप आवडली" अशाच येतात. आणि लाईट गेली तर स्क्रीनशॉटच्या प्रिंट कपाटात असू द्या, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही हा पाठ होतो.