स्नो बाइकच्या मागच्या स्ट्रटची लांबी कशी जुळवावी

बर्फावर चालवायची स्नो बाइक बनवताना मोटोक्रॉस बाइकच्या पुढच्या चाकाच्या जागी स्की बसवतात. मागचे चाक, स्विंगआर्म (ते चाक धरणारा हात) आणि शॉक (धक्के झेलणारा भाग) काढून ट्रॅकचे, म्हणजे फिरत्या पट्ट्याचे, किट चढवले, की शॉकच्या जागी स्ट्रट येतो. दोन्ही टोकांना आटे असलेल्या साध्या दांड्याचा स्ट्रट धक्के झेलत नाही; तो बाइक आणि ट्रॅक यांच्यातला कोन ठरवतो. तो लांब केला की बाइकची मागची बाजू उचलली जाऊन वजन पुढच्या स्कीवर येते आणि आखूड केला की स्की हलकी होते. चढावर थ्रॉटल देताच स्की तरंगून बाइक वळेनाशी झाली तर लांबी वाढवावी. हँडल जड होऊन स्की रुतू लागली तर कमी करावी.

आधी किटच्या स्प्रिंगा आपल्या वजनाला जुळवाव्यात, कारण त्या मागाहून बदलल्या की कोनही बदलतो आणि केलेली मेहनत वाया जाते. मग बाइक सपाट फरशीवर उभी करून स्ट्रटच्या दोन्ही बोल्टांच्या मध्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावे.

स्ट्रटवर बाइकचा भार असताना पाना लावू नये. इंजिनाखाली स्टँड घेऊन बाइक इतकी उचलावी, की स्ट्रटचा बोल्ट हाताने सरकेल. मग चेकनट (दांड्याची लांबी पक्की धरणारे नट) सैल करावेत. यांपैकी एक सहसा उलट्या आट्यांचा असतो. सैल होत नाही म्हणून त्यावर जोर काढणारे अनेक जण तो आणखी आवळून बसतात. दांडा एका वेळी अर्धाच फेरा फिरवावा. आट्यांचे अंतर 1.5 मिलिमीटर असेल, तर दोन्ही टोके एकदम सरकत असल्याने पूर्ण फेऱ्याला लांबी 3 मिलिमीटरने बदलते, आणि स्ट्रटचा खालचा बोल्ट किटच्या पिव्हटपासून (किट ज्याभोवती वळते त्या आसापासून) 200 मिलिमीटरवर असेल, तर एवढ्यानेच कोन जवळजवळ एका अंशाने हलतो.

12 मिलिमीटर जाडीच्या टोकाचे निदान 18 मिलिमीटर आटे दांड्याच्या आत राहिलेच पाहिजेत. उत्पादकाची मर्यादा याहून कडक असल्यास तीच पाळावी. दोन्ही डोळे (टोकांवरची बोल्टची भोके) समांतर ठेवून चेकनट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. इंजिनाचे स्प्रॉकेट आणि पिव्हट एका अक्षावर नसल्याने चेनचा ताणही पुन्हा तपासावा.

रॉकी पर्वतातल्या खोल, भुसभुशीत बर्फात जी लांबी छान वाटते, तीच घट्ट दाबलेल्या ट्रेलवर स्की भरकटवू शकते. त्यामुळे दोन्हींची मापे वेगवेगळी घेऊन एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरच्या पेटीच्या) झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावीत.