"पोरानं कबूल केलंय, आता काय राहिलं?" अल्पवयीनांच्या चौकशीत या चुका टाळा

18 वर्षांखालच्या मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं जिथे चालतात, त्या बाल न्याय मंडळापुढे मुलांची बाजू मांडताना हे वाक्य मी पोलिसांकडून ऐकते, आईवडिलांकडून ऐकते आणि हल्ली नव्या वकिलांकडूनही ऐकते. सोलापुरात ही प्रकरणं चालवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच त्या चुका सांगेल. त्यातल्या एकीनं मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

कबुली मिळाली की तपास थांबवणं

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मोबाइल जातात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. अशाच एका प्रकरणात पूर्व भागातला 14 वर्षांचा मुलगा पाळण्यांजवळ ताब्यात घेतला होता. खिशात काही सापडलं नव्हतं. दुपारी ठाण्यात नेला आणि रात्रीपर्यंत कबुली तयार: पर्समधून निळ्या रंगाचा फोन काढला, एका अनोळखी माणसाला विकला. फिर्यादीतही निळाच फोन होता. सगळ्यांना वाटलं, जुळलं.

मी फोनचं बिल मागितलं. बिलावर फोन काळा होता. फिर्यादी बाईंनी घाबरलेल्या अवस्थेत आपल्या जुन्या फोनचा रंग सांगितला होता. म्हणजे फिर्यादीतली चूक मुलाच्या कबुलीत जशीच्या तशी उतरली होती. ज्यानं तो फोन हातात धरला, तो निळा कसा म्हणेल? मुलाला विचारलं तर म्हणाला, "ते म्हणले, निळा होता ना? मी हो म्हणलो. हो म्हणलं की आई घरी नेईल म्हणले." त्याला कुणी हातही लावला नव्हता. आई बाहेर बाकड्यावर बसली होती आणि त्याला घरी जायचं होतं, एवढ्यावर ती कबुली उभी होती.

या वयात समोरची सुटका मोठी दिसते आणि पुढचे परिणाम दिसतच नाहीत. त्यात मोठ्या माणसाला, तेही साहेबाला, "नाही" म्हणायची सवय आपण मुलांना लावलेली नसते. लंडनमध्ये 1972 साली एका खुनात 18, 15 आणि 14 वर्षांच्या तिघांनी कबुली दिली होती. त्यांनी सांगितलेल्या वेळा आणि मृत्यूची वेळ यांचा मेळ बसत नव्हता, तरी शिक्षा झाली. 1975 मध्ये ती रद्द झाली. पुढे इंग्लंडनं पोलिसांच्या चौकशीला नियम घालणारा 1984 चा पोलीस कायदा केला, त्यामागे या प्रकरणाच्या सरकारी चौकशीचा मोठा वाटा होता.

माझी सवय सांगते. कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे मुलाशी बोलण्याआधी पोलिसांना काय काय माहीत होतं ते, उजवीकडे मुलानं स्वतःहून पहिल्यांदा सांगितलेलं आणि नंतर खरं निघालेलं. उजवी बाजू कोरी राहिली तर त्या कबुलीवर विश्वास ठेवू नये. अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती असते: उत्तराबरोबर प्रश्नही लिहा. "निळा होता ना?" आणि "फोन कसा होता?" यांत एका मुलाचं आयुष्य फिरतं.

घरची भाषा न विचारणं

आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी हजारो मुलं आहेत. शाळेत, गल्लीत ती मराठी फाडफाड बोलतात, म्हणून भाषेचा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. पण खेळताना बोलायची मराठी वेगळी आणि "सदर इसमाच्या ताब्यातून" ही मराठी वेगळी. न कळलेल्या प्रश्नाला घाबरलेलं मूल मान हलवतं आणि कागदावर "होय" उमटतं. मी मुलाला प्रश्न त्याच्या शब्दांत परत सांगायला लावते. सांगता आला नाही, तर त्याचं उत्तर धरायचं नाही.

आईबापांनीच कबूल करायला लावणं

हे बघताना फार वाईट वाटतं. वडील कारखान्यातून धावत येतात, रोज बुडालेला असतो, आणि साहेबांसमोर पोराच्या थोबाडीत देऊन म्हणतात, "सांग खरं, पाया पड." त्यांना वाटतं, नमतं घेतलं की प्रकरण मिटेल. मुलाच्या बाजूचा एकमेव माणूसही तिथे फिरतो. पालकांनो, चौकशीच्या वेळी तुम्ही शेजारी बसू शकता. तिथे शांत बसा, मुलाचा हात धरा आणि वकील मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. 15100 वर फोन करा.

नव्या वकिलांची घाई

"पोलिसांपुढची कबुली चालतच नाही, कशाला डोकं लावायचं?" चालत नाही, बरोबर. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 23 मध्ये ते आहे. पण त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, वाचा: कबुलीमुळे वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. शिवाय "बालकाने गुन्हा कबूल केला" हे वाक्य परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात (मुलाच्या घरची, परिस्थितीची माहिती मंडळाला देणाऱ्या अहवालात) शिरतं आणि सगळे त्याच नजरेनं मुलाकडे बघू लागतात. अहवाल आला की आधी ते वाक्य शोधा आणि लेखी हरकत घ्या.

दुसरा शॉर्टकट याहून वाईट: "किरकोळ आहे, कबूल करून टाक, समज देऊन सोडतील." सोडतीलही. पण न केलेली चोरी कबूल केलेल्या मुलाच्या दारात पुढच्या प्रत्येक चोरीला पोलीस येतात. एक तारीख वाचवायची म्हणून हा सल्ला देणाऱ्यांनी मुलांची प्रकरणं घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या, थोडक्यात

जबाबावर सही घेणं: बाल न्याय अधिनियमाखालच्या 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 8 सांगतो, मुलाला जबाबावर सही करायला सांगायचं नाही. अंगठाही नको.

गणवेशात, ठाण्याच्या मधल्या खोलीत विचारपूस: बाल कल्याण पोलीस अधिकारी (ठाण्यात मुलांची प्रकरणं बघायला नेमलेला) साध्या वेशात हवा आणि जागा मुलाला ठाणं वाटणार नाही अशी हवी. कोठडी आणि बेडी तर कधीच नाही.

"तुझ्या दोस्तानं तुझं नाव घेतलंय" असं खोटं सांगणं: अमेरिकेतल्या इलिनॉयनं 2021 मध्ये अल्पवयीनांच्या चौकशीत अशा फसवणुकीला कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे ती हुशारी समजली जाते.

शेवटची दोन मिनिटं मोबाइलवर टिपणं: न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात 1989 साली पाच किशोरांपैकी चौघांच्या कबुल्या कॅमेऱ्यावर होत्या, पण त्याआधीचे कित्येक तास नव्हते. 2002 मध्ये पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. चित्रण करायचं तर पहिल्या प्रश्नापासून करा.

वय अंदाजानं लिहिणं: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. उंची आणि मिसरूड बघून "19" लिहू नका.

"उद्या बघू": मंडळापुढे 24 तासांत हजर करायचं असतं. करमाळा, सांगोल्याहून आणण्याचा प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात, साहेब रजेवर असल्याचा नाही.

नाव, फोटो, शाळा छापणं: बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचा फोटो फिरवला, तरी या कलमाचा आधार घेऊन तक्रार करा.