चुकीतून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चूक झाली की आपण कानाला खडा लावतो. ‘यापुढे नीट लक्ष देईन’ असं स्वतःला बजावतो आणि विषय तिथेच मिटतो. दोन-तीन महिने जातात न जातात तोच पहिले पाढे पंचावन्न! निश्चय कच्चा होता म्हणून असं होतं, असं मुळीच नाही. लक्ष देण्याचा निश्चय आठवायलाही लक्षच लागतं, आणि चूक होते त्या क्षणी ते नेमकं दुसरीकडे गुंतलेलं असतं. म्हणून खाली दिलेल्या पद्धतीत ‘जास्त काळजी घ्या’ हा सल्ला तुम्हाला कुठेही सापडणार नाही. एक वही आणि पंधरा-वीस मिनिटं असली की काम भागतं.

१. आधी निस्तरा

अर्धवट मेल गेला असेल तर पूर्ण मेल लगेच पाठवा. कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. माफी मागताना कारणं जोडू नका. ‘माफ करा, पण त्या दिवशी काय झालं ना…’ यातला ‘पण’ तेवढा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो. कारणांचं काय ते वहीत.

२. त्याच दिवशी चार ओळी लिहा

काय करायचं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तेव्हा मला काय माहीत होतं? आजूबाजूला काय चाललं होतं? एवढंच लिहा. उदाहरणार्थ: ‘अहवाल पाठवायचा होता. मेल गेला, फाईल जोडायची राहिली. मुदत आजचीच आहे हे माहीत होतं. लिहिता लिहिता दोन फोन घेतले.’ ‘मूर्खासारखं’, ‘नेहमीप्रमाणे’, ‘हलगर्जीपणा’ असे शब्द आले तर खोडा. त्यातून मनाला चटका बसतो, पण माहिती काहीच मिळत नाही.

त्याच दिवशी का? कारण निकाल कळला की आठवण गुपचूप बदलते. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघण्याआधी मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी काही जणांना विचारलं, की या दौऱ्यात अमुक घडण्याची शक्यता किती वाटते? दौरे झाल्यावर त्यांनाच आपापले जुने अंदाज आठवायला सांगितलं. जे प्रत्यक्षात घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना वाटू लागलं होतं. १९७५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ हे आपलं लाडकं वाक्य यातूनच येतं, आणि ते शिकण्याच्या आड येतं. आपल्याला आधीच कळलं होतं असं एकदा वाटलं की शोधायला काही उरतच नाही.

३. चुकीची जात ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण औषध जातीवर ठरतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास केलेली विभागणी घरच्या चुकांनाही चपखल बसते.

पहिली जात हातून निसटलेल्या कामाची. काय करायचं ते पक्कं माहीत होतं, पण झालं नाही किंवा भलतंच झालं. झेरॉक्स काढल्यावर प्रती घेऊन आपण निघतो आणि मूळ कागद मशिनच्या झाकणाखालीच राहतो. ज्यासाठी आलो ते हातात पडलं की मन ‘झालं’ म्हणून मोकळं होतं, आणि त्यानंतरची बारीक पायरी गळते. पैसे घेऊन एटीएममध्ये कार्ड विसरणारे याच कारणाने विसरत. त्यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांत क्रमच बदलला: आधी कार्ड परत, मग पैसे. ‘कार्ड विसरू नका’ ही पाटी जे करू शकली नाही ते क्रमाच्या अदलाबदलीने साधलं.

दुसरी जात चुकीच्या समजुतीची. लक्ष पूर्ण होतं, पण माहितीच खोटी होती: अर्जाची मुदत ३० तारखेपर्यंत आहे असं धरून चाललो, ती निघाली २०. इथे क्रम बदलून उपयोग नाही. समजूत कुठून आली ते शोधायचं. कुणी सांगितलं? कधी तपासलं? अशा वेळी आपली किती खात्री होती तेही लिहून ठेवा. बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांना २००१ मध्ये आढळलं, की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणूस ठाम असतो, त्याची दुरुस्ती त्याच्या जास्त चांगली लक्षात राहते. तोंडावर पडण्याचा हा एक फायदाच म्हणायचा.

तिसरी जात जाणूनबुजून केलेल्या शॉर्टकटची. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून बॅकअप घेतला नाही. तिला विसरभोळेपणा म्हणू नका. योग्य रस्ता इतका कटकटीचा का वाटला, हे विचारा आणि तो सोपा करा.

४. ‘का?’ विचारत जा, पण कुठे थांबायचं ते ठरवा

टोयोटाच्या कारखान्यांत ताईइची ओनो यांनी पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत रुळवली. घरी पाचाचा आग्रह नको. फाईल का राहिली? ती जोडायचं काम शेवटी ठेवलं होतं. शेवटी का? आधी मजकूर लिहायची सवय. मग तिथे अडलं का नाही? पत्ता आधीच भरलेला होता, ‘पाठवा’ दाबलं की मेल जाणारच. बस, इथे थांबा. ज्या गोष्टीला तुमचा हात पोहोचतो ती सापडली.

ही साखळी दोन ठिकाणी भरकटते. एक, ‘मी आहेच वेंधळा’: स्वभावाशी पोहोचलात की एक पाऊल मागे या, कारण स्वभावावर उद्या सकाळी करण्यासारखं काही नसतं. दुसरं, ‘साहेबांनी घाई केली’. ते खरंही असेल, पण दुसऱ्यावर खापर फोडून तुमचा पुढचा मेल सुधारत नाही.

५. एकच बदल करा

आपल्या उदाहरणात तो असा: आधी फाईल, मग मजकूर, पत्ता सर्वांत शेवटी. आता फोन आला, लक्ष उडालं, तरी अर्धवट मेल जाऊच शकत नाही. जिथे अशी आडकाठी घालता येत नाही, तिथे ‘जर-तर’ वाक्य लिहा. ‘रागावर ताबा ठेवीन’ हे वाक्य पोकळ आहे. ‘रागात उत्तर लिहिलं, तर ते मसुद्यात ठेवून सकाळी वाचीन’ हे कामाचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा जर-तर वाक्यांवर पुष्कळ काम केलं आहे. प्रसंग समोर आला की कृती आपोआप आठवते, हा त्यांचा फायदा.

टप्पे बरेच असतील तर छोटी यादी करा. यादी ही नवशिक्यांची गोष्ट, असा अनेकांचा समज असतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं. जमिनीवर असताना शेपटीचे हलते भाग जखडून ठेवणारं कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहून गेलं होतं, आणि वैमानिक होते कसलेले. त्यानंतर वैमानिकांच्या हातात तपासणी-यादी आली. तुमची यादी मात्र पाच-सहा ओळींची ठेवा आणि काम जिथे होतं तिथेच चिकटवा. कपाटातली यादी कुणी वाचत नाही.

एका चुकीमागे सात नियम मात्र करू नका. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकत बसलं की आठवड्याभरात सगळेच नियम सुटतात.

६. महिन्याभराने तपासा

कॅलेंडरमध्ये तारीख टाका. तीच चूक पुन्हा झाली असेल तर स्वतःला बोल लावू नका, उपाय बदला. बहुतेक वेळा जात ओळखण्यात गफलत झालेली असते.

निकाल वाईट, पण चूक नाही. आणि याच्या उलट

हाताशी असलेल्या माहितीवर नीट विचार करून निर्णय घेतला आणि तरी फासे उलटे पडले, तर त्यातून ओढूनताणून धडा काढू नका. वहीतली तिसरी ओळ इथे साक्षीला येते. उलट, निव्वळ नशिबाने निभावलेल्या चुका आपण नोंदवतच नाही, हे जास्त महागात पडतं. अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांकडून आणि हवाई वाहतूक नियंत्रकांकडून, नावं गुप्त ठेवून, धोक्याच्या प्रसंगांची माहिती गोळा करते. थोडक्यात टळलेले प्रसंगही त्यात येतात. मुदतीच्या आदल्या रात्री अचानक आठवलं आणि अर्ज भरला गेला, तर त्याच्याही चार ओळी लिहा. या नोंदी लिहायला सोप्या जातात: कुणाची माफी मागायची नसते, आणि खोडायला लागतील असे शब्दही फारसे येत नाहीत.