हरिकेनचा खरा वारा किती होता? वाद घालण्याआधी या चुका टाळा

फ्लोरिडात हरिकेन येऊन गेलं, वीज परत आली, की व्हॉट्सअ‍ॅपवर पुढचं वादळ सुरू होतं. वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनला 1 ते 5 अशी कॅटेगरी देतात, 5 म्हणजे सर्वांत जोरदार; भांडण तिच्यावरूनच. एक गट म्हणतो, "कॅटेगरी 4 कसलं डोंबलाचं, आमचं कुंपणसुद्धा पडलं नाही." दुसरा म्हणतो, "5 होतं, मुद्दाम कमी सांगतायत." दोघांकडेही आकडे असतात आणि बहुतेक वेळा दोघांनीही ते भलतीकडून उचललेले असतात. त्याच त्या चुका वाचून कंटाळलो, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतोय.

चूक 1: जवळच्या स्टेशनची नोंद म्हणजेच वादळाचा वेग

ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चिवट चूक.

अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर जो वेग जाहीर करतं, तो तुमच्या गावातला वारा नसतो. त्या वेळी संपूर्ण वादळात जिथे कुठे वारा सर्वांत जास्त असेल तिथला, 10 मीटर उंचीवरचा, एका मिनिटाच्या सरासरीचा तो अंदाज असतो. असा वारा वादळाच्या डोळ्याभोवतीच्या (मधल्या शांत भागाभोवतीच्या) ढगांच्या भिंतीत, एका चिंचोळ्या पट्ट्यात असतो; बहुधा वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला. नेमकं त्या पट्ट्यात यंत्र असणं आणि ते शेवटपर्यंत चालू राहणं, हा निव्वळ योगायोग. कितीतरी यंत्रं खरा जोर येण्याआधीच वीज जाऊन किंवा मोडून गप्प होतात.

हरिकेन मायकेलच्या वेळचा किस्सा सांगतो. 10 ऑक्टोबर 2018 ला ते मेक्सिको बीच आणि टिंडल हवाई तळाजवळ किनाऱ्याला धडकलं. तेव्हा जाहीर झालेला वेग होता ताशी 155 मैल, म्हणजे कॅटेगरी 4. एप्रिल 2019 मध्ये अंतिम विश्लेषणात तो 160 केला आणि मायकेल कॅटेगरी 5 झालं. आमच्या इकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लगेच भडका. एका गृहस्थांनी एक्सेलची शीट टाकली. सगळ्यांत वर टिंडल तळावरचा 139 मैलांचा झोत, त्याखाली उतरत्या क्रमाने बाकीची ठिकाणं. खाली ठळक अक्षरांत: "क्षणिक झोत 139, मग मिनिटभराची सरासरी 160 कशी? विमा कंपन्यांचा खेळ!"

शीटमध्ये रकाने दोनच होते, ठिकाण आणि मैल. मी विचारलं, यंत्र किती उंचीवर होतं? माहीत नाही. किती सेकंदांचा झोत? माहीत नाही. डोळ्याच्या भिंतीपासून किती लांब? "ते कशाला पाहिजे?" यादीतलं एक यंत्र उंच इमारतीच्या गच्चीवरचं निघालं आणि एक कुणाच्या तरी परसातलं, लाकडी कुंपणाच्या आड बसवलेलं. ही दोन्ही एकाखाली एक लावून हा माणूस निकाल देत होता! हरिकेन सेंटरने 160 हा आकडा विमानांनी मोजलेला वारा, पृष्ठभागावरच्या नोंदी, वायुदाब, उपग्रहावरून केलेले अंदाज आणि डॉप्लर रडार हे सगळं एकत्र मांडून काढला होता. शिवाय पाच मैलांचा फरक अनिश्चिततेच्या नेहमीच्या मर्यादेत आहे, हेही त्यांनीच सांगितलं होतं. तेवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. शीट बनवायला त्यांना आख्खी संध्याकाळ लागली असणार.

माझी सवय अशी: वहीत चार रकाने. उंची, किती वेळाची सरासरी, डोळ्यापासूनचं अंतर आणि बाजू, यंत्र कधीपर्यंत चालू होतं. चारही भरत नसतील तर ती नोंद वादात वापरायची नाही. टेकूलासुद्धा नाही.

चूक 2: झोत आणि सरासरी यांची भेसळ

झोत म्हणजे काही सेकंदांचा तडाखा. सरासरी तरी किती मिनिटांची हे देशागणिक बदलतं: अमेरिकेत एक, आपल्या भारतीय हवामान विभागाची तीन, जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण दहा. त्यामुळे बंगालच्या उपसागरातलं वादळ आणि फ्लोरिडातलं वादळ यांचे आकडे सरळ शेजारी ठेवून "कोण मोठं" खेळू नका. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा हवामान विभागाचा आकडा ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत, असा होता. बातम्यांना 120 प्यारा, कारण तो मोठा दिसतो.

चूक 3: विमानातला वारा गुणिले 0.9, संपला हिशोब

नवशिक्यांचा हा लाडका शॉर्टकट. कुठेतरी वाचलेलं असतं की विमानाने वर मोजलेल्या वाऱ्याच्या 90 टक्के वारा खाली असतो. झालं, विमानाचा आकडा आला की मोबाइलवर गुणाकार, आणि हरिकेन सेंटरच्या आधी यांची कॅटेगरी जाहीर.

तो 0.9 आला कुठून, हे समजून घ्यायचं असेल तर हरिकेन अँड्र्यू बघा. 24 ऑगस्ट 1992 ला ते मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडच्या बाजूला धडकलं. विमानाने 700 मिलिबारच्या पातळीवर, म्हणजे साधारण 10,000 फुटांवर, 162 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी 1.15 मैल) मोजले होते. खाली यातलं किती उतरतं, याची त्या काळची समज 75 ते 80 टक्क्यांची. त्यातून 125 नॉट, ताशी 145 मैल, कॅटेगरी 4 असं ठरलं. पुढे 1997 पासून विमानातून जीपीएस ड्रॉपसोंड टाकायला लागले. पॅराशूटला लटकलेली ही नळी समुद्रापर्यंत पडताना प्रत्येक उंचीवरचा वारा कळवत जाते. अशा ढीगभर नोंदी जमल्यावर दिसलं की डोळ्याच्या भिंतीत 700 मिलिबारच्या वाऱ्याच्या सरासरी 90 टक्के वारा पृष्ठभागावर असतो. 162 चे 90 टक्के करून बघा: 145 नॉट, ताशी 165 मैल. 2002 मध्ये, दहा वर्षांनी, अँड्र्यू कॅटेगरी 5 झालं.

आता यातला "डोळ्याच्या भिंतीत", "700 मिलिबारच्या" आणि "सरासरी" हा भाग लोक खुशाल गाळतात. विमान खाली, 850 मिलिबारवर असेल तर गुणक 0.8 च्या आसपास, त्याहून खाली 925 वर 0.75. भिंतीच्या बाहेर तो आणखी खाली. वादळ उतरणीला लागलं असेल तर वरचा वारा तितका खाली पोचत नाही. आणि हे सगळं समुद्रावरचं. किनारा ओलांडला की झाडं-घरं वाऱ्याला अडवू लागतात. मी विमानाचा आकडा बघताना आधी उंची वाचतो, मग वारा. उंची दिसली नाही तर पुढे जात नाही. घाई असलेल्यांना हे जमत नाही, आणि वादळात घाई सगळ्यांनाच असते.

ड्रॉपसोंडचा एक आकडा म्हणजेसुद्धा मिनिटाची सरासरी नव्हे. ती नळी एखाद्या झोतातून जाते, तेव्हा त्या झोताचाच वेग सांगते.

चूक 4: वायुदाबावरून थेट वारा

मधला दाब जितका कमी तितका वारा जास्त, असं सरळ गणित लोक मांडतात. 2004 चं चार्ली: 941 मिलिबार, ताशी 150 मैल. 2012 चं सँडी: 945 मिलिबार, 80 मैल. दाबात चार मिलिबारचा फरक, वाऱ्यात सत्तर मैलांचा! चार्ली एवढंसं, सँडी अवाढव्य. दाब किती पडला यापेक्षा तो किती कमी अंतरात पडला, यावर वारा ठरतो.

चूक 5: पडझडीचे फोटो बघून कॅटेगरी

कतरिना 29 ऑगस्ट 2005 ला लुइझियानात ब्युरासजवळ आलं तेव्हा ते कॅटेगरी 4 सांगितलं होतं. अंतिम अहवालात ताशी साधारण 125 मैल, कॅटेगरी 3. न्यू ऑर्लिन्स शहरातला वारा तर त्याहूनही कमी होता. हे सांगितलं की लोक चिडतात, "एवढं सगळं वाहून गेलं आणि तुम्ही 3 म्हणता?" अहो, वाहून नेलं पाण्याने. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पास क्रिश्चनला उधाणाचं पाणी 28 फुटांच्या आसपास चढलं. आदल्या दिवशी कॅटेगरी 5 असताना उचललेला समुद्र वारा उतरला म्हणून लगेच बसत नाही. कॅटेगरी फक्त वारा सांगते. पाणी आणि पाऊस तिच्या हिशोबात नाहीत. फोटोत नुसता चौथरा उरलेला दिसला तर मी आधी आजूबाजूच्या झाडांवर चिखलाची रेघ कुठवर आहे ते शोधतो.

किरकोळ, पण रोजच्या

अ‍ॅपवरचा रंगीत नकाशा ही मोजणी नसते, ते मॉडेल असतं. लहान डोळ्याच्या भिंतीतला जोर त्याच्या चौकटीत मावत नाही.

नॉट आणि मैल एकमेकांत घोळू नका. 1 नॉट म्हणजे ताशी 1.15 मैल. अधिकृत आकडे पाचच्या पटीत असतात, त्यामुळे "157 होतं की 156" हा वाद घालायला जागाच नाही.

बाल्कनीत हातातलं वारामापक धरून उभे राहू नका. नोंद निरुपयोगी आणि तुम्ही मूर्ख. अँड्र्यूच्या वेळी एका हौशी निरीक्षकाच्या घरच्या यंत्राने 212 मैलांचा झोत दाखवला होता. पुढे तशीच यंत्रं वाऱ्याच्या बोगद्यात तपासली, ती जास्त दाखवतात असं निघालं, आणि आकडा 177 वर आणला. घरच्या यंत्राची नोंद एवढ्या गांभीर्याने तपासली जाणं दुर्मीळ. तुमच्या बाल्कनीसाठी कोणी बोगदा चालू करणार नाही.

चूक 6: त्याच रात्री निकाल

पॅट्रिशिया 2015 मध्ये मेक्सिकोत धडकलं तेव्हा वारा ताशी 165 मैल होता, असं त्या दिवशी सांगितलं. अंतिम अहवालात 150. 1969 च्या कमीलचे 190 मैल 2014 मध्ये 175 झाले. वर गेलेली उदाहरणं आहेत, खाली आलेलीही आहेत. त्यामुळे "मुद्दाम वाढवतात" आणि "मुद्दाम कमी करतात" या दोन्ही पार्ट्यांनी जरा दम धरावा. प्रत्येक वादळाचा अंतिम अहवाल काही महिन्यांनी येतो. तोवर मला कोणी विचारलं तर मी जाहीर झालेला आकडा सांगतो, पुढे "तात्पुरता, दहा टक्के इकडेतिकडे" असं लिहितो आणि ग्रुप म्यूट करतो.